नाक दाबले की तोंड उघडते?

आठवीत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी म्हणींचा एक तास घेतला होता. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ या म्हणीचा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिला : नेमक्या ठिकाणी दाब आणला की अडलेले काम होते. मी तो वहीत उतरून घेतला आणि सहामाहीत त्यावर पूर्ण गुणही मिळवले. ही म्हण आली तरी कुठून, असा प्रश्न वर्गात कोणालाच पडला नाही. मलाही पडला नाही, कारण त्याचे उत्तर मी रोज घरी पाहत होते. आमच्या घरी रोज संध्याकाळी एक नाक दाबले जात असे. ते माझ्या धाकट्या भावाचे होते.

आम्ही कुपवाडला राहतो. वडील एम.आय.डी.सी.तल्या एका फौंड्रीत कामाला आहेत. आई बेदाणा निवडायला जाते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला घरात सगळे सोन्या म्हणतात. जन्मल्यावर तो लवकर रडला नाही. मान धरायला त्याला दीड वर्ष लागले, आणि आजही तो आधाराशिवाय बसू शकत नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी’ असे लिहून दिले. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा सुटतो, तो हा विकार. हजार मुलांमागे दोन-तीन मुलांना तो असतो. आम्ही त्याच्या चालण्याची काळजी केली, बोलण्याची केली, नवस केले. पण त्याचे न जेवणे हा त्या विकाराचाच भाग आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. जेवत नाही तो हट्टामुळे, असेच आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते.

आज्जी त्याला मांडीवर आडवा घेई, त्याची मान कोपरावर मागे टाकी आणि पातळ पेज चमच्याने तोंडात ओती. तो ती जिभेने बाहेर ढकली. मग आज्जी दोन बोटांनी त्याचे नाक दाबी. श्वासासाठी त्याला तोंड उघडावे लागे आणि पेज आत जाई. “बघ, गिळतंय का न्हाई? नाटकं करतंय नुसतं!” असे आज्जी म्हणे. तिने पाच मुले अशीच वाढवली होती. तिच्या हाताला कोण नावे ठेवणार?

पुढे मीही तेच करू लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण लेख लिहायचा तर खरेच लिहावे. माझे दहावीचे वर्ष होते. आई शेडवरून यायची होती, आज्जी गावाकडे गेलेली, आणि मला क्लासला उशीर होत होता. घाईत मी त्याचे नाक दाबले. त्या दिवशी घास पोटात गेला नाही. सोन्याचे डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. शेजारच्या काकूंनी धावत येऊन त्याला पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या, म्हणून तो वाचला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, “घास फुप्फुसात गेला होता. आणि हे पहिल्यांदा झालेले दिसत नाही.” मागल्या दोन वर्षांत त्याला वरचेवर होणारी सर्दी, ती छातीतली घरघर, तो ताप... सगळ्याचा अर्थ त्या एका वाक्यात लागला.

त्याच दवाखान्यात स्पीच थेरपीच्या एक मॅडम येत असत. बोलणे शिकवणाऱ्या बाईंचा जेवणाशी काय संबंध, असे मला वाटले. त्यांनी मला काहीच समजावून सांगितले नाही. फक्त म्हणाल्या, “मान पूर्ण मागे टाक, तोंड उघडे ठेव आणि आता आवंढा गिळून दाखव.”

वाचकहो, हा लेख क्षणभर बाजूला ठेवा आणि आपणही हे करून पाहा. नुसता स्वतःचा आवंढा! जमत नाही ना? ओठ मिटल्याशिवाय आणि मान सरळ केल्याशिवाय तो घशाखाली उतरायला तयार होत नाही. मग जे आपल्याला आवंढ्याच्या बाबतीत जमत नाही, ते तीन-चार वर्षांचे मूल पेजेच्या बाबतीत करील, अशी अपेक्षा आपण का धरत होतो?

घास गिळणे ही आपल्याला श्वासाइतकी सोपी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी पंचवीसहून अधिक स्नायूंना एकामागून एक, ठरल्या क्रमाने काम करावे लागते. ओठ मिटतात, जीभ घासाचा गोळा करून तो मागे सरकवते, श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेवरचे झाकण पडते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. घशात अन्नाची आणि हवेची वाट काही अंतर एकच आहे. तिथे चुकामूक झाली की ठसका लागतो. मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट अधिकच मोकळी होते. अशात नाक दाबले, तर मुलाला श्वास घ्यायलाही तोंडच उरते, आणि त्या तोंडात तर आपण घास भरलेला असतो! म्हणजे आपण त्याला खायला लावत नाही, तर अन्न श्वासाबरोबर आत ओढायला लावतो. कित्येक मुलांना अशा वेळी ठसकासुद्धा लागत नाही. घास गुपचूप फुप्फुसाकडे जातो आणि घरचे म्हणतात, आज किती छान जेवला!

अशी मुले थोडी नाहीत. धडधाकट मुलांतही चारातले एखादे मूल खाण्याच्या काही ना काही तक्रारीतून जाते. पण विकासात मागे राहिलेल्या मुलांत दहातल्या आठांपर्यंत ही अडचण आढळते, असे तज्ज्ञ सांगतात. प्रत्येकाचे कारण वेगळे. कोणाचे स्नायू ताठ, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे स्नायू सैल आणि जीभ बाहेर येणारी. स्वमग्न मुलाला गिळता येते, पण पदार्थाचा रंग, वास किंवा जिभेला होणारा स्पर्श सोसत नाही. ते महिनोन् महिने एकाच तऱ्हेच्या बिस्किटावर राहते. कोणाला जळजळ होते, कोणाला बद्धकोष्ठ असतो, कोणाचा दात दुखत असतो आणि सांगता येत नाही. आपल्याकडे मात्र या सर्व रोगांना एकच नाव आहे : हट्ट, आणि एकच औषध : धपाटा.

मॅडमनी आम्हाला काय शिकवले ते थोडक्यात सांगते. सर्वांत आधी बसणे. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, पावलांखाली टेकू, मान किंचित पुढे झुकलेली. वडिलांनी मॅडमनी दिलेली मापे घेऊन ओळखीच्या सुताराकडून जुन्या फळ्यांची एक खुर्ची करून घेतली. तिला पुढे पाट आणि कमरेला मऊ पट्टा आहे. ज्या मिरजेत तंबोरे आणि सतारी घडतात, त्या मिरजेच्या शेजारी अशी खुर्ची करणारा हात मिळणे कठीण नव्हते. कठीण होते ते अशी खुर्ची लागते हे कळणे!

दुसरी गोष्ट, भरवणाऱ्याची जागा. उभे राहून वरून भरवले की मूल मान वर करते. म्हणून त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचे. चमचा लहान आणि उथळ घ्यायचा. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच दाबायचा आणि थांबायचे. ओठ त्याने मिटायचे. चमचा वरच्या ओठावर निपटून काढायचा नाही, कारण तसे केले तर ओठांना काम शिकायला मिळत नाही. एक घास पूर्ण गिळून झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

तिसरी गोष्ट ऐकून तर आज्जी चकितच झाली. पातळ पदार्थ सोपा आणि घट्ट अवघड, अशी आपली समजूत. सोन्यासारख्या मुलांना बहुधा उलट असते. पाणी इतक्या वेगाने घशात पोचते की त्यांचे स्नायू तोवर तयारच नसतात. सर्वांत वाईट म्हणजे पातळ आणि घट्ट यांची मिसळ. वरणाच्या पाण्यात तरंगणारी भाताची शिते, हे त्यांचे मोठे संकट! आता आम्ही मऊभात आणि घट्ट वरण एकजीव घोटतो, पिठल्याइतके दाट ठेवतो आणि वर तूप घालतो, म्हणजे थोड्या घासांत अधिक बळ मिळते. जेवण अर्ध्या तासात आटोपतो, कारण त्यापुढे मूल दमते आणि दमलेला घसा चुकतो. जेवणानंतर अर्धा तास त्याला आडवे करत नाही. स्वमग्न मुलांचा मार्ग आणखी निराळा. नवा पदार्थ आधी नुसता ताटात, मग बोटाला, मग ओठाला, आणि कित्येक दिवसांनी जिभेला.

हे वाचून कोणी उद्यापासून आपल्या शेजारच्या मुलावर प्रयोग करू नयेत. कोणत्या मुलाला काय चालेल हे तपासणाऱ्यानेच ठरवायचे असते. काही मुलांना इतके करूनही तोंडाने पुरेसे जात नाही आणि नळीने अन्न द्यावे लागते. त्यात आईचा पराभव नाही. मला इथे एवढेच सांगायचे आहे की खाणे ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे. आपण मुलाला ‘अ’ शिकवताना त्याचे नाक दाबत नाही. मग घास शिकवताना का दाबतो?

आता दोष कोणाचा, या प्रश्नाकडे येते. आमच्या घरी तो आईचा ठरला होता. “पोराच्या अंगाला काय लागंना, आईचं लक्षच न्हाई,” असे पाहुणे तिच्या तोंडावर बोलत. पूर्वी सोन्याच्या एका जेवणाला दीड तास लागे. दिवसातून तीन जेवणे, म्हणजे साडेचार तास! त्या तासांसाठी आईने शेडवरचे कितीतरी खाडे केले आणि प्रत्येक खाड्याला मजुरी बुडवली. ज्या बाईचा अर्धा दिवस चमचा धरण्यात गेला, तिलाच लोक निष्काळजी म्हणत होते. वडिलांना असे कोणी एकदाही विचारले नाही. मूल जेवले तर घराण्याचे पुण्य आणि न जेवले तर आईचे पाप, हा कुठला न्याय?

आज्जीलाही मी दोष देत नाही. मी एकदा रागाने तिला बोलले, तेव्हा ती म्हणाली, “मग काय उपाशी मरू देऊ त्याला? तूच सांग काय करायचं त्ये.” आणि खरेच, त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती क्रूर नव्हती. तिला भीती वाटत होती. आपल्या समाजातली पुष्कळशी बळजबरी अशी भीतीतून आणि अज्ञानातून जन्मते. भीती उपदेशाने जात नाही. दुसरी वाट कोणी हाताला धरून दाखवली, तरच ती जाते. आमच्या घरी ती वाट दाखवायला मुलाला आधी न्यूमोनिया व्हावा लागला, हे माझे दुःख आहे.

आणि ही वाट काही काल-परवा सापडलेली नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातली पहिली शाळा सुरू केली. अपंग माणसाला खाणे, कपडे घालणे यांसारखी रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून त्याला शिकवणारे हे शास्त्र. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा १९८६ साली निघाली, ती त्यांच्याच नावाची. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा काढली. १९८३ मध्ये वाचा व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था वांद्र्याला स्थापन झाली. म्हणजे मुंबईत हे ज्ञान माझ्या आईच्या जन्माआधी येऊन बसले होते. मुंबईहून कुपवाडच्या आमच्या गल्लीपर्यंत मात्र ते चालत आले नाही!

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी गल्लोगल्ली पोचली. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला, तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलाला ८०० उष्मांक, असे त्यात लिहिले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यात विकासातील विलंब शोधणे आणि अशा मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार केंद्र, अशी त्याची आखणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले.

कागदावर हे सारे उत्तम आहे. पण या साऱ्यात अन्न मुलाच्या ओठांपर्यंत येऊन थांबते. अंगणवाडीत सोन्याचे वजन होत असे, तक्त्यावर ठिपका पडत असे, आहाराचे पाकीट घरी येत असे. ठिपका महिन्यामागून महिना खाली घसरत गेला, तशी आईला दर वेळी एकच सूचना मिळाली : “खायला जास्त द्या.” जास्त काय देणार? घरात अन्न होते, पाकिटे होती, भरवायला दोन-तीन हात होते. फक्त घास घशाखाली उतरत नव्हता. भरल्या घरात उपाशी राहणाऱ्या या मुलांसाठी कुठल्याच तक्त्यावर रकाना नाही. यात त्या ताईंचाही दोष नाही. त्यांना कोणी चमचा कसा धरायचा हे शिकवले नव्हते, तर त्या आईला काय शिकवणार?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अन्नाचे वाटप ही अर्धीच मदत झाली. भरवणाऱ्या हाताला शिकवणे ही उरलेली अर्धी, आणि तिला खर्च फारच थोडा आहे. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी ठेवावा. मुलाला कसे बसवावे, चमचा कसा द्यावा, आणि जेवताना ठसका, डोळ्यांत पाणी, आवाजात घरघर, वरचेवर न्यूमोनिया दिसला तर मुलाला तातडीने कुठे पाठवावे, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे. ज्या अंगणवाडीत असे मूल असेल तिथे त्याच्या मापाची एक खुर्ची असावी. आमच्या खुर्चीला आठशे रुपये पडले. नऊ दिवसांच्या दवाखान्याला किती पडले ते विचारू नका; त्या कर्जाचे हप्ते वडील अजून फेडतात. १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या मिरजेच्या शेजारी आपण राहतो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. मग जाणकार आणि गरजू यांच्यामधले हे चार मैल अजून का संपू नयेत?

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्ये करतो. त्यातला एक दिवस ‘तुमच्या घरात जेवताना ठसकणारे, जेवायला तासभर घेणारे मूल आहे का?’ एवढाच प्रश्न घेऊन घरोघरी गेलो तर? आपण उपचार करायचे नाहीत. आपल्याला ते येत नाहीत. पण अशा मुलाच्या आईला योग्य दारापर्यंत सोबत करणे आपल्याला नक्की येईल. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या नंबरच्या खोलीत जायचे, हे न कळल्यामुळे माघारी फिरलेल्या कितीतरी बाया मी त्या नऊ दिवसांत पाहिल्या. वाचता येणाऱ्या माणसाची सोबत ही त्यांना औषधाइतकीच मोलाची होती. पहिल्या पिढीच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

सोन्या आज नऊ वर्षांचा आहे. तो चालत नाही, आणि चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. पण मागल्या वर्षी त्याला एकदाही न्यूमोनिया झाला नाही. सकाळचे जेवण आई भरवते, दुपारचे आज्जी. तीच आज्जी आता पाहुण्यांना दरडावते, “मान म्होरं घ्या त्याची, गिळू दे आधी!” रात्रीचे जेवण माझ्याकडे असते. मी खुर्चीसमोर पाट मांडून बसते आणि पुस्तक उघडून शेजारी ठेवते. दोन घासांमध्ये थांबावे लागते तेवढ्यात एखादा परिच्छेद होतो. या वर्षीचा इतिहासाचा पेपर मी असाच तयार केला.

पोट भरले की सोन्या मान उजवीकडे वळवतो. ‘नको’ म्हणण्याची ती त्याची रीत आहे. पूर्वी आम्ही त्याला कधी ‘नको’ म्हणूच दिले नव्हते. आता त्याने मान वळवली की घरातले कोणीही असो, चमचा खाली ठेवते. गंमत अशी की त्याचे ‘नको’ ऐकू लागल्यापासून तो अधिक जेवतो. चमचा समोर आला की तोंड तो आपणहून उघडतो.

म्हणीचा अर्थ मी परीक्षेत बरोबर लिहिला होता. पण ज्याचे नाक दाबले जाते, त्याला कोणी विचारून ती म्हण केलेली दिसत नाही.